गुडघ्याएवढं देवघर

कादंबरी : आई, थांब! ह्या कागदावर चार पाय लावायला सांगितलेत, आणि तू उभी फळीच कापायला निघालीस!

शुभदा : पाय नकोतच. ह्या रेघेवर करवत चालव. सावकाश हं, कड उडते.

कादंबरी : अगं, पण मग हे जेमतेम गुडघ्याएवढं राहील. देवघर कसं छातीशी हवं. येता-जाता उभ्याने नमस्कार होतो.

शुभदा : उभ्याने करूच नये कुणी. तुझ्या क्षिप्राकाकूने तर नाहीच.

कादंबरी : अच्छा! ती आज उर्वीच्या लग्नाची पहिली अक्षत देवांपुढे ठेवायला येतेय, म्हणून हे सगळं! मला वाटलेलं, देव ओट्याशेजारी पाटावर आहेत म्हणून तुला वाईट वाटतंय.

शुभदा : ते तर वाटतंच. तुझ्या आजीचं सागवानी देवघर तिने बाळकुमच्या नव्या फ्लॅटमध्ये नेलं. म्हणे, "ताई, तुमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मावायचं नाही." म्हटलं, नेऊ दे. धाकटी जाऊ आहे, देव तरी थाटात राहतील. तर आठवड्याच्या आत देव परत. आणि कशातून?

कादंबरी : बुटांच्या खोक्यातून. माहितीये गं.

शुभदा : अन्नपूर्णा, बाळकृष्ण, कुलस्वामिनीचा टाक. वर बुटाचं चित्र.

कादंबरी : आणि देवघरात आता वाइनचे ग्लास. तेही माहितीये. पण म्हणून चपलांचं कपाट मागवायचं? तेसुद्धा तिच्या दाराशी आहे अगदी तेच? ती ओळखेल ना!

शुभदा : ओळखू दे. त्यासाठी तर शोधून शोधून मागवलं.

कादंबरी : तू संकष्टीला मीठसुद्धा खात नाहीस, आणि हे असलं...

शुभदा : मिठाचा काय संबंध? नवं कोरं आहे, एक चप्पल शिवलेली नाही त्याला. देवांना काही वाटायचं नाही. राग मला आहे. ती इस्त्री आण बघू, कापलेल्या कडेला पट्टी चिकटवू. अभिषेकाचं पाणी उडालं की ही भुशाची फळी फुगते.

कादंबरी : आणि ही पुढे झुकणारी दारं?

शुभदा : खालचं काढून टाक, त्याच्या फळीच्या आत देवांसाठी पायऱ्या होतील. वरचं राहू दे. ते ओढून आत बघायचं तर खाली बसावंच लागतं. मागच्या पुठ्ठ्यावर आजीच्या इरकलीचा पदर ताणून लाव.

कादंबरी : आई, एक विचारू? बाहेरचं अन्न खायचं नाही, हा नेम तू कधी धरलास?

शुभदा : झाले की बरेच दिवस.

कादंबरी : काकूने वास्तुशांतीला जेवायला बोलावलेलं, त्याच्या आदल्या दिवशी.

शुभदा : चातुर्मास होता तेव्हा.

कादंबरी : आई, होळी होती!

शुभदा : ...पट्टी सरळ लाव.

कादंबरी : तुला नक्की काय हवंय गं तिच्याकडून? देवघर परत?

शुभदा : आता ते घेऊन काय करू? दारूचा वास जाणारे का त्याचा? मला एवढंच हवंय, की तिने जमिनीवर डोकं टेकवून "चुकले" म्हणावं. बाकी काही नको.

कादंबरी : काकूने? ती काकालासुद्धा कधी सॉरी म्हणत नाही.

शुभदा : काका गुडघ्याएवढा नाहीये.

(संध्याकाळ. दारावरची बेल वाजते.)

क्षिप्रा : ताई, पटकन हं! खाली गाडी उभीये, ठाण्यात खोपटला लग्नाचा हॉलवाला थांबलाय. कुठेयत देव? अक्षत ठेवते आणि पळते.

शुभदा : ये गं, ये. ते तिथे, खिडकीखाली.

क्षिप्रा : अय्या, एवढं खाली?

कादंबरी : काकू, वरचं दार ओढायचं. हळूच, ते पुढे झुकतं.

क्षिप्रा : माहितीये गं, आमच्याकडे पण अस्संच... ताई! हे तर शू-रॅक आहे!

शुभदा : हो.

क्षिप्रा : आमच्या दाराशी आहे तेच!

शुभदा : तेच. देव तुझ्याकडून बुटांच्या खोक्यात बसून आले. म्हटलं, एकदम सवय नको मोडायला त्यांची.

क्षिप्रा : अहो, ते शिफ्टिंगच्या गडबडीत झालेलं. आमच्या कामवाल्या शकूने भरले ते, मला पत्ताच नव्हता.

शुभदा : शकूने? तिने तर हात लावायला नाही म्हटलं. मला फोन करून रडली बिचारी.

क्षिप्रा : ...बरं, चुकलं असेल माझं काही, तर...

शुभदा : असेल?

क्षिप्रा : ताई, पोरीचं लग्न आहे हो. आज तरी नको ना.

शुभदा : लग्न आहे म्हणून तर इतकं हळू बोलतेय. गुडघे टेक. साडी सांभाळ, निरीवर पाय पडेल.

क्षिप्रा : ...चुकले.

शुभदा : मला कशाला सांगतेस? त्यांना सांग. डोकं टेकव आधी.

क्षिप्रा : चुकले मी. अन्नपूर्णे, चुकले. उर्वीचं सगळं नीट होऊ दे... झालं? अगं कादंबरी, हात दे गं, उठवत नाहीये. तो खाली हॉर्न मारतोय.

कादंबरी : आई, देऊ?

शुभदा : थांब. माझं विष्णुसहस्रनाम राहिलंय आज. आणि देवांपुढे बसलेल्याने मध्येच उठू नये गं क्षिप्रा. पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं मला.