पंधरवड्याचा नियम

मार्लीन : ती कुऱ्हाड खाली ठेव आधी. मी बोलतेय तुझ्याशी.

ड्वेन : ऐकतोय की. लाकडं फोडताना कान बंद नसतात.

मार्लीन : नोलनला तू सांगितलंस का? हो की नाही, एवढंच बोल.

ड्वेन : हो.

मार्लीन : हो काय हो! कॉफी घेतलीस का विचारल्यावर 'हो' म्हणावं तसं सांगतोयस!

ड्वेन : तो या जंगलातल्या पार्कचा रेंजर आहे, इथला अधिकारी, मार्लीन. त्यानं तोंडावर विचारलं. 'तळ्याकाठच्या तंबूतली ती बाई सुट्टीला आलीय की इथेच राहतेय?' मी म्हटलं, राहतेय.

मार्लीन : आणि मग?

ड्वेन : मग काय. पंधरवड्याच्या वर कुणाला तंबू ठेवता येत नाही. नियम आहे. उद्या दुपारपर्यंत उठायला सांगतो म्हणाला.

मार्लीन : 'मला माहीत नाही' म्हणाला असतास तर जीभ झडली असती?

ड्वेन : मला खोटं बोलता येत नाही.

मार्लीन : गप्प तर बसता येतं ना? लग्न झाल्यापासून घरात गप्पच बसलायस! नेमकं आज तोंड उघडायचं सुचलं?

ड्वेन : हळू बोल. पलीकडच्या तंबूतले लोक बघताहेत.

मार्लीन : बघू देत! लाल झालेली पानं बघायला आलेत ना एवढ्या लांबून? मला बघा म्हणावं, मीही लालच झालेय.

ड्वेन : मार्लीन...

मार्लीन : मार्लीन-मार्लीन करू नकोस. आपण इथे दर ऑक्टोबरात महिनाभर हे चाकांवरचं घर, हा ट्रेलर लावून राहतो. आपल्याला कुणी उठवतं? का नाही उठवत? तर आपण संडास धुतो, शेकोट्यांतली राख काढतो, वाटेवर पडलेल्या फांद्या ओढतो. दारात पाटी आहे आपल्या, 'होस्ट'. म्हणजे यजमान, ड्वेन! यजमान पाहुणीला धरून देतो होय रे?

ड्वेन : ती पाहुणी नव्हती. तोच तर प्रश्न आहे.

मार्लीन : ओढ्यावरच्या पुलाच्या फळ्या बदलल्या, तेव्हा तुझ्या बरोबरीनं खिळे कुणी ठोकले? टॅमीनं. तिला कुणी बोलावलं होतं? परवा तुला होडीत घालून पलीकडच्या मेपलच्या राईत कुणी नेलं? परत आलास तेव्हा शाळेच्या सहलीहून आल्यासारखा बडबडत होतास. तेव्हा नाही आठवला नियम?

ड्वेन : तेव्हा मला माहीत नव्हतं तिला घर नाही ते. मला वाटलं, बाईला थंडीत तंबूत झोपायची हौस आहे. असतात अशी माणसं.

मार्लीन : हौस! सकाळी अंधारात उठून दात वाजवत शाळेची बस काढायला जाते ती, हौसेनं?

ड्वेन : तुला माहीत होतं ना सगळं? मग मला का नाही सांगितलंस?

मार्लीन : तुला? तुला सांगायचं आणि नोलनच्या कचेरीवर कर्णा लावायचा, एकच ते.

ड्वेन : पंधरवडा भरल्यावर पुढच्या जागेवर तंबू हलवायला तूच मदत केलीस तिला. काल नोंदवहीत पाहिलं, नावही दुसरंच घातलंस. आपल्या लेकीचं.

मार्लीन : घातलं. पुन्हा घालीन. तिच्या घरमालकानं काय केलं माहीत आहे? बाहेर काढलं तिला, भिंतींना रंग दिला, अंगणात दोन आरामखुर्च्या टाकल्या आणि घर सुट्टीवाल्यांना द्यायला लागला. पानं बघणाऱ्यांना! तिच्या खिडकीत बसून आता शिकागोची माणसं म्हणतात, अगंबाई, काय सुंदर रंग! आणि गावात दुसरी जागा मिळत नाही, कारण सगळ्याच मालकांना अक्कल आलीय. उचललीस पुन्हा कुऱ्हाड? फोड, फोड लाकडं. तेवढंच जमतं तुला.

ड्वेन : ती बघ आली. बस ठेवून आलेली दिसतेय.

टॅमी : चालू द्या, थांबू नका. फाटकापर्यंत ऐकू येतंय. माझंच नाव आहे, म्हटलं आपणही जावं.

मार्लीन : टॅमी, बाळा, शप्पथ सांगते, हा असं काही करेल असं मला...

टॅमी : मला बाळा म्हणू नका. दिवसभर बसभर बाळं घेऊन हिंडते मी.

मार्लीन : नोलन भेटला तुला?

टॅमी : फाटकातच. बिचारा टोपी हातात घेऊन बोलत होता, जणू माझं कुणी वारलंय. उद्या दुपारपर्यंत. 'मला फार वाईट वाटतंय, टॅमी.' सगळ्यांनाच माझ्याबद्दल फार वाईट वाटतं हल्ली.

मार्लीन : ह्याच्यामुळे! ह्याला खोटं बोलता येत नाही म्हणे!

टॅमी : यांचं नंतर. नोलनला आधी कुणाकडून कळलं, ते नाही विचारणार?

मार्लीन : कुणाकडून?

टॅमी : तुमच्या चर्चच्या बायकांकडून. रविवारी तिघी आल्या होत्या पार्कच्या कचेरीत. जुनी ब्लँकेटं, डबाबंद सूप आणि कुणाचे तरी लोकरी मोजे. 'तळ्याकाठच्या त्या बिचारीला द्या.' पिशवीवर माझं नाव, मोठ्या अक्षरांत. दोन दिवस ती पिशवी तिथल्या टेबलावर होती. आल्यागेल्यानं वाचलं असेल.

मार्लीन : मी... मी फक्त प्रार्थनेत आठवण ठेवा म्हटलं होतं.

टॅमी : नावासकट?

मार्लीन : नावाशिवाय प्रार्थना कशी करणार?

टॅमी : देवाला पत्ता हवा असतो का हो? त्यातली एक माझ्या बसमधल्या मुलीची आजी आहे. आता शाळेत कळेल. शाळेनं विचारलं, टॅमी, राहतेस कुठे, तर काय सांगू? बर्चच्या झाडाखाली, डावीकडचा तंबू? तंबूत राहणाऱ्या बाईच्या हाती कोण आपली मुलं देईल?

मार्लीन : मला तुझं भलंच...

टॅमी : भलं करायचं होतं ना? मग गप्प राहायचं होतं. तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या तंबूशी येऊन बसायचात, हातात हात घेऊन विचारायचात, कशी आहेस गं. मला वाटायचं, चला, एक मैत्रीण मिळाली. तुम्ही तर बातमी न्यायला येत होता!

ड्वेन : टॅमी, एवढं नको.

टॅमी : तुम्ही तर बोलूच नका! तुम्ही काल दुपारी नोलनला सांगितलंत. आज सकाळी माझ्या हातची कॉफी प्यायलात. समोर बसून. 'टॅमी, मी असं असं सांगून आलोय,' एवढं वाक्य तुमच्या तोंडून निघेना. आणि म्हणे खोटं बोलत नाही!

ड्वेन : बरोबर आहे तुझं.

टॅमी : बरोबर आहे म्हणू नका! भांडा ना माझ्याशी! अंगावर ओरडायला एक माणूस मिळालाय, तोही मान हलवतोय.

ड्वेन : सकाळी सांगणार होतो. तू हसत होतीस. बसमधला कुठलातरी पोरगा उलटी करून 'सॉरी मॅडम' म्हणाला, ते सांगत होतीस. मग नाही जमलं.

टॅमी : मग लाकडं फोडत बसलात.

ड्वेन : राग आला की फोडतो.

टॅमी : कुणाचा राग?

ड्वेन : नोलनचा. नियमाचा. आणि माझा. वखारीला पुरतील एवढी फोडलीत, जात नाही अजून.

मार्लीन : आणि मी काय फोडू? सांगा ना दोघं!

ड्वेन : तू बस जरा. टॅमी, तूही बस. मी आज नोलनकडे परत गेलो होतो.

मार्लीन : आता आणखी काय सांगून आलास?

ड्वेन : की आम्ही उद्या निघतोय. होस्टची जागा रिकामी होतेय.

मार्लीन : काय?

ड्वेन : महिनाअखेर पार्क बंद होईपर्यंत त्याला इथे माणूस लागणारच. होस्टला पंधरवड्याचा नियम नाही. मुलांची बस चालवते म्हणजे तिची सगळी चौकशी आधीच झालेली आहे, नोलनला तेवढंच हवं होतं. तो म्हणाला, तिला विचारा.

मार्लीन : आणि मला? मला विचारायचं कुणी? ड्वेन, मी वर्षभर या एका महिन्यावर जगते! पलीकडचा डोंगर रंगांनी अजून पुरता पेटलासुद्धा नाही. बर्चना आत्ता कुठे सोनं चढतंय. आणि तू माझा ऑक्टोबर देऊन आलास, मला न विचारता?

ड्वेन : विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.

मार्लीन : असते! पण विचारायचं होतंस!

टॅमी : एक मिनिट. मी हो म्हटलंय का अजून? तुमच्या घरातलं भांडण तुम्ही माझ्या नावावर भांडताय. मला कुणाची दया नकोय.

ड्वेन : दया कसली. संडास सहा आहेत, रोज धुवायचे. अस्वलं येतात म्हणून कचऱ्याचे डबे रोज कुलूपबंद. दारू पिऊन गाणी म्हणणाऱ्यांना जाऊन सांगायचं, झोपा आता. पानांनी वाट निसरडी होते, ती झाडायची. आणि लोक येऊन विचारणार, सगळ्यात छान रंग कुठे दिसतो? दिवसातून शंभरदा. हसून सांगायचं.

टॅमी : सकाळी मी बसवर असते.

ड्वेन : सकाळी इथे सगळे घोरत असतात.

टॅमी : आणि नोव्हेंबरात? नोलन पाणी बंद करणार, फाटकाला साखळी लावणार. मग?

ड्वेन : मग काय, ते मला माहीत नाही.

टॅमी : हं. निदान बरं होईल सगळं, असं तरी म्हणाला नाहीत.

मार्लीन : ट्रेलर इथेच राहील.

ड्वेन : कुठला ट्रेलर?

मार्लीन : हाच. तू ज्याला टेकून उभा आहेस तो. उद्या आपण नुसती गाडी घेऊन जायचं.

ड्वेन : मार्लीन, माझा ट्रेलर...

मार्लीन : आपला. तू माझा ऑक्टोबर दिलास, मी तुझा ट्रेलर देतेय. मीही नाही विचारलं. कसं वाटतं?

ड्वेन : वाईट वाटतं.

मार्लीन : वाटू दे.

टॅमी : मला तुमचा ट्रेलर नकोय, मार्लीन.

मार्लीन : तुला कोण देतंय? रात्री गोठायला लागलंय. आत माणूस नसलं, हीटर नसला, तर नळ फुटतील. कुणीतरी राहायलाच हवं. पार्क बंद झालं की गाडीनं ओढून कुठे लावायचा ते बघू. बसच्या आवारात नाही का जागा?

टॅमी : विचारावं लागेल.

मार्लीन : तूच विचार. मी कुणाला काही विचारणार नाही, सांगणार नाही. प्रार्थनासुद्धा मनातल्या मनात करीन.

टॅमी : त्या बायकांना काय सांगणार?

मार्लीन : की मी मूर्ख आहे. त्यांना नवीन नाही ते.

टॅमी : मी अजून चिडलेलीच आहे. तुम्हा दोघांवरही.

ड्वेन : राहा चिडलेली.

टॅमी : सहज जाणार नाही हा राग.

मार्लीन : जाऊ नये. मी तुझ्या जागी असते तर तंबूच पेटवला असता. ये आत, हीटर कसा लावायचा ते दाखवते. त्याचं बटण ड्वेनसारखं आहे, तीनदा दाबल्याशिवाय काही बोलत नाही.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. ड्वेन आणि मार्लीन गाडीत, पार्कमधून फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मागे काही जोडलेलं नाही.)

ड्वेन : गाडी कशी हलकी वाटतेय. संडास धुऊन झाले होते तिचे, आपण उठायच्या आत. पाहिलंस? घर येईपर्यंत बोलणारच नाहीस का?

मार्लीन : नाही.

ड्वेन : बरं.

मार्लीन : आपण निघताना तिनं हात केला, तो तुला की मला?

ड्वेन : आपल्याला नव्हता. मागे एक गाडी रिकामी जागा शोधत होती, तिला दाखवत होती, डावीकडे जा म्हणून.

मार्लीन : वाटलंच मला.

ड्वेन : मार्लीन, मी तुला विचारायला हवं होतं.

मार्लीन : हो. हवं होतं. सावकाश चालव. निदान फाटकापर्यंत तरी बघू दे मला पानं.