भरलेला पाणवठा

२०२३ चा वैशाख. मुलुंडला आमच्या वस्तीमागे डोंगरात रानातल्या जनावरांसाठी छोटा सिमेंटचा पाणवठा आहे. त्याला तडा गेला, म्हणून दुरुस्तीच्या अनुदानासाठी आम्ही अर्ज केला. पाहणीला वनखात्याच्या मॅडम येणार होत्या. पाहुण्यांना कोरडं काय दाखवायचं? शेजारच्या सावंताकडून पिंपभर पाणी उसनं घेऊन मी तो भरला.

मॅडम म्हणाल्या, "काका, हा तर भरलेला आहे. अनुदान कशाला?"

सावंत डाफरला, "तुझ्या ऐटीने वाट लावली रे!"

मी म्हणालो, "बसा. गळेल."

झाडाआड बसलो. ऊन कललं, पाणी हळूहळू उतरत गेलं. एक चितळ आलं, तळाशी उरलेलं प्यायलं आणि तिथेच उभं राहिलं.

मॅडम कुजबुजल्या, "मंजूर समजा."

सकाळी नळाला पाणी आलं. आधी सावंताचं पिंप भरलं.