अर्ध्यात पाव किती?

...आणि वर पालक मलाच ऐकवायचे, 'सर, हल्ली तुम्ही फार अवघड शिकवता!' अहो, तुम्हाला सांगतो, उभा जन्म सहावीला गणित शिकवलं, कधी कुणाची तक्रार नाही! अपूर्णांकांचा भागाकार आला की दुसरा उलटा करा, गुणा आणि मोकळे व्हा. पोरं मोकळी, मी मोकळा! पण नाही... सुखाचा जीव दुःखात घालायची भारी हौस! निघालो संध्याकाळच्या वर्गाला, गणिताचं पुढचं शिक्षण घ्यायला. बायको म्हणाली, 'या वयात लोक गुडघे दाखवायला जातात, तुम्ही अक्कल दाखवायला निघालात?' खरंच हो, कुणी सांगितलं होतं शिकायला?

पहिल्याच दिवशी तिथल्या प्राध्यापिकाबाई, माझ्या मुलीच्या वयाच्या, अगदी गोड आवाजात विचारतात, 'सर, दुसरा उलटा का करायचा?' म्हटलं, 'नियम आहे.' 'कुणाचा?' आता काय सांगू, मुख्याध्यापकांचा? सगळे फिदीफिदी हसले. हसणारे कोण, तर माझ्यासारखेच मास्तर! ठाऊक एकालाही नव्हतं, पण विचारलं मला होतं ना!

मग बाईंनी कागदाची पट्टी दुमडली. अख्ख्या पट्टीत पाव तुकडे किती? चार. मग अर्ध्या पट्टीत? चाराच्या निम्मे, दोन! म्हणजे पावानं भागायचं म्हणजे चारानं गुणायचं! अहो, उलटा का करायचा ते डोळ्यांसमोर दिसलं की! पाणी आलं डोळ्यांत. इतकी वर्षं संसार केला आणि बायकोचा चेहरा आज पाहिला, असं झालं... हे घरी बोललो नाही.

झालं! दुसऱ्या दिवसापासून वर्गात कात्र्या, पट्ट्या, कचरा आणि 'सर, असं का? सर, तसं का?' मी हरखून गेलेलो! दोन वेण्यांची एक चुणचुणीत मुलगी तर बाकावर उभी राहून ओरडली, 'सर, दिसलं!' मुख्याध्यापक धावत आले, 'काय दिसलं? साप?'

मग पालकसभा. 'शेजारच्या तुकडीचा धडा संपला, आमची अजून कागदच कापतेय! शिवणकाम शिकवताय का?' आता तुम्हीच सांगा, कुणी सांगितलं होतं शिकायला?

त्यात तपासणीला साहेब आले. 'पाऊण भागिले अर्धा?' शेजारच्या तुकडीनं फाडकन उत्तर दिलं, 'दीड!' माझ्या वर्गानं विचारलं, 'साहेब, कात्री आहे?'

संपलं! मुख्याध्यापक म्हणाले, 'सर, तुमचं ज्ञान आमच्या शाळेला झेपत नाही.' वर्ग काढून घेतला हो! माझा जीव होता त्या वर्गात! आणि दिला कुणाला? खेळाच्या मास्तरांना! मी आता ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवतो आणि भिंतीपलीकडून ऐकतो, 'सावधान! पहिला जागेवर! दुसरा... शीर्षासन! गुणा!' आणि पोरं गुणतात! निकालही उत्तम लागतो! कुणी सांगितलं होतं मला शिकायला?

काल ती दोन वेण्यांची आली पुस्तक परत करायला. म्हटलं, सगळे विसरले तरी ही विसरायची नाही. 'काय गं, गणित कसं चाललंय?'

'सर, आता एकदम सोपं झालंय!'

'हो? कशामुळे गं?'

'आता समजून घ्यावं लागत नाही ना!'

म्हटलं, 'शाब्बास, बाळ... पुस्तक तिथे ठेव.'