इंगरबाईंच्या कॉलरमधला धागा

...आणि वर मलाच विचारतात, धागा बिघडलाच कसा? तुम्हाला सांगतो, दोष धाग्याचा नव्हता. चार वर्षं मी प्रयोगशाळेत त्या धाग्याला आम्ल पाजतोय. आम्लाशिवाय तो निळा आणि मुका. आम्ल मुरलं की हिरवा होतो, त्यातून वीज वाहायला लागते. डुकरांच्या शेडमध्ये मैल्यातून सुटणारा अमोनिया वायू साठला की तो हे आम्ल काढून घेतो, वीज अडते आणि कोटाच्या कॉलरमधली शिट्टी वाजते. म्हणजे, बाहेर पळा. आता यात अवघड काय आहे?

हे सगळं कुणासाठी, तर यटलंड प्रांतातल्या इंगरबाईंसाठी. तीस वर्षं डुकरं सांभाळून फुप्फुसं गेलेली. डॉक्टर म्हणाले, आता एकदा जरी जास्त वायू छातीत गेला तर...

आधी साधं हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. ते शेडच्या उबेत आठवड्याभरात उडून गेलं, शिट्टी दिवसभर चालू. बाई म्हणाल्या, "पोरा, हा माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त कुरकुरतो." मग जड आम्ल घातलं, ते उडेना. महिनाभर शिट्टी नेमकी वाजली आणि बाई नेमक्या बाहेर आल्या. सोमवारी मी तो कोट शिवण तपासायला फार्मबाहेर नेला आणि संध्याकाळी परत दिला. बस, एवढंच.

मंगळवार म्हणजे शेडखालच्या टाकीतला मैला ढवळायचा दिवस, ढवळला की अमोनिया उसळतो. सकाळपासून शिट्टी थांबेना, घरात राय धान्याच्या पावाला लोणी लावतानाही चालूच. बाई वैतागल्या, बॅटरी काढून खिशात टाकली, आत गेल्या आणि दहा मिनिटांत कोसळल्या.

त्यांचा नवरा कार्ल मला म्हणतो, "बाहेर गेलेला कपडा धुतल्याशिवाय आत जात नाही, डुकरांना रोग होतो. माणसंसुद्धा अंघोळ करून आत जातात. तुझा कोट काय आकाशातून पडला? धुतला मी, सोड्याच्या साबणात, कढत पाण्यात."

सोडा! त्यानं सगळं आम्ल धुऊन नेलं. अमोनिया करतो तेच सोड्यानं केलं, मग धाग्यानं दुसरं काय सांगायचं होतं? दोष धाग्याचा नव्हता, हे मी दवाखान्यात इंगरबाईंनाही तावातावानं सांगितलं. त्यांच्या नाकात नळी, पुन्हा शेडमध्ये पाय ठेवायचा नाही, डुकरं विकायला काढलेली.

"तू चाळीस पानांच्या सूचना दिल्या होत्यास," त्या म्हणाल्या. "त्यात धुण्याचं काय लिहिलं होतं?"

आम्लाचं प्रमाण होतं, तापमान होतं, आलेख होते. धुण्यावर एक ओळ नव्हती.

"का रे, तुमच्या प्रयोगशाळेत कोट धूत नाहीत?"

आता काय सांगू तुम्हाला... चार वर्षांत माझा एकदाही धुतलेला नाही.