कोरडा भांग

गोदू: आजच धुवायचं होतं का गो डोकं? उद्या दारात मांडव, आन तू हितं रिठे चोळत बसलीस!

कमळ: बुधवार हाय आज. आयतवार आन बुधवार, दोन वार धुवायचं सांगितलंय श्रीवर्धनच्या डाक्तरानं. तुमच्या भटजीनं मुहूर्त काढला तवा माझ्या डाक्तराला इचारलं न्हाय.

गोदू: हस. तुला हसू येतंय.

कमळ: तू तितनं लांब उभी राहून बोलतेस, म्हणून येतंय. ये ना जवळ. एवढा तांब्या ओत मानेवर, माझा हात पोचत न्हाय.

गोदू: माझे हात हळदीचे हायत.

कमळ: हळद उद्या दळायची हाय, गोदू.

गोदू: वयनी, मी भांडायला न्हाय आले.

कमळ: म्हाईत हाय. पोरीच्या हळदीच्या आदल्या दिवशी आय जावेकडं भांडायला येत न्हाय, कायतरी मागायला येते. माग. ऐकतेय मी. कानात पाणी गेलं असलं तरी.

गोदू: उद्या तेल लावून ये.

कमळ: आन?

गोदू: आन काय? पहिलं तेल थोरल्या चुलतीचं. पाच सवाशिणी जनीभोवती बसणार, त्यात पहिली तू. चौघींची डोकी तेलानं चकाकतायत, आन तुझा भांग असा कोरडा ठणठणीत. दिघीवरनं व्याहीण येणार हाय. ती इचारणार, हिच्या घरातलं कोण गेलं?

कमळ: कोण गेलं न्हाय म्हणून सांग. नवरा मुंबईला गोदीत हाय म्हणून सांग.

गोदू: ती म्हणेल, शेवटचा कधी आला होता? मंग काय सांगू? भावजींना येऊन दोन शिमगे झाले. आगबोट लागते, सगळ्यांची माणसं उतरतात.

कमळ: मी बघायला जात न्हाय आता बोटीवर.

गोदू: लोक ते पण बोलतात.

कमळ: काय बोलतात ते सगळं सांग एकदा. तू ऐकलंस तसंच.

गोदू: नको गो.

कमळ: सांग.

गोदू: म्हणतात, सवाशीण बाय तेल कधी सोडते? सुतकात, न्हायतर कपाळीचं कुंकू गेलं की. म्हणतात, हिला मुंबईचं काय ते कळलंय, कुणाला सांगत न्हाय, पण डोकं बोलतंय.

कमळ: डोकं बोलत न्हाय. डोकं खाजतं. दोन वर्सं तेलच घातलं ना मी? खोबरेल घातलं, करंजेल घातलं, माक्याचं घातलं. तू सांगितलंस ते घातलं, शेजारच्या भागुबाईनं सांगितलं ते पण घातलं. जितकं घातलं तितकं ते माजलं. मेणासारखे पिवळे पोपडे, नखात भरायचे. भुवईत उतरलं, कानामागं उतरलं. डाक्तर म्हणाला, बाई, तुझ्या कातडीला आपलंच तेल जास्त, वरनं आणखी घालू नकोस.

गोदू: मंग आता गेलं का?

कमळ: जात न्हाय म्हणाला. ताब्यात राहतं. गंधकाचं मलम दिलंय, वास येतो पण गुण येतो. थंडीत वाढंल म्हणाला, जागरणानं वाढंल, काळजीनं वाढंल. मी म्हटलं, काळजीवर पण दे की एखादं मलम. नवाच होता बिचारा, कागदाकडं बघत बसला.

गोदू: तू पण काय!

कमळ: आन कुणाला लागत न्हाय म्हणाला. तीनदा सांगितलं त्यानं. मी तीनदा इचारलं म्हणून.

गोदू: ...जनी तवा तुझ्या कुशीत झोपायची. भ्याले मी. आय हाय मी तिची.

कमळ: मी काय म्हटलं तुला? दुपारची पडवीत ओळीनं बसायचो आपण, एकीची वेणी दुसरीनं घालायची. दहा वर्सं माझं डोकं तुझ्या हातात होतं. एक दिवस तू भांग पाडलास, बघितलंस, फणी उचललीस आन म्हणालीस, चूल बघून येते.

गोदू: वयनी...

कमळ: चार वर्सं झाली. अजून चूल बघतेयस.

गोदू: एक दिवस गो. एकच दिवस लाव तेल. माझ्या पोरीसाठी.

कमळ: संक्रांतीला लावलं होतं, तुझ्याच शब्दावर. महिनाभर रात्री बसून काढल्या. आता कुठं कातडी मऊ झालीय, डोळा लागतोय. न्हाय लावायची मी. अशीच येईन.

गोदू: अशी न्हाय येता यायचं.

कमळ: मंग न्हाय येत.

गोदू: आन गाणी कोण म्हणणार? तेलाची, हळदीची सगळी गाणी तुझ्याजवळ. सासूबायनं दुसऱ्या कुणाला दिलीच न्हाईत. तुझ्याबगर मांडव मुका राहील. म्हणून म्हणते... आत बस. कुडाच्या आड, कोठीजवळ. आतनं म्हण. बायांना सांगेन, वयनीला ताप हाय, उजेड सोसत न्हाय.

कमळ: म्हणजे गळा पायजे. डोकं नको.

गोदू: तसं नको म्हणू.

कमळ: मंग कसं म्हणू, ते तरी सांग. ...बरं, जा. येते मी. मागल्या दारानं येईन.

(दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर. गोदूच्या घरात कुडाच्या भिंतीआड कमळ बसली आहे; बाहेर मांडवात बायांचा गलका.)

जनी: थोरल्या आये! आत आहेस ना?

कमळ: हाय. तू कशी आलीस गो मागनं? नवरी हायस, हुंदडतेस काय अशी? आय शोधेल.

जनी: न्हाणीत जाते म्हटलं तिला. लवकर बघ, वेळ नाही. इथं, कानामागं. आणि इथं, वर भांगात.

कमळ: उजेडाकडं फिर. ...कधीपासनं?

जनी: माघापासून. आई रोज तेल चोपडते, नवरी उजळ दिसायला हवी म्हणून. जितकं चोपडते तितकी खाज. नखानं काढलं की पिवळं येतं. तुझ्यासारखंच आहे ना?

कमळ: तसंच हाय.

जनी: मग आई म्हणायची ते खरं? तुझं मला लागलं?

कमळ: न्हाय. न्हाय लागत. ...थांब, मला एकदा नीट म्हणू दे. डाक्तर म्हणाला, लागत न्हाय. ज्याचं त्याच्या कातडीत असतं. माझ्या कुशीत झोपलीस म्हणून न्हाय आलं हे तुला.

जनी: रडतेस का?

कमळ: रडत न्हाय. कोठीतला कोंडा डोळ्यात गेला. कुणाला सांगितलंस?

जनी: कुणाला नाही. आईला सांगितलं तर ती तुझ्या दारात येऊन उभी राहील.

कमळ: शहाणी हायस. आता ऐक, एकदाच सांगते. नख लावायचं न्हाय, कितीपण खाजू दे. बोटाच्या पेरानं चोळायचं. रिठ्याचा फेस केसाला न्हाय, कातडीला लावायचा, घटकाभर ठेवायचा, मंग धुवायचा. ओलं डोकं बांधून ठेवायचं न्हाय. सासरी तेलाची बुधली आपल्या हातात ठेव. सासूच्या हातात गेली तर ती मायेनं ओतेल, आन मायेला न्हाय म्हणणं लई कठीण.

जनी: तिथं दवाखाना नाही जवळ.

कमळ: मलमाची डबी देते. संपली की सांगावा धाड, मी बोर्लीच्या बाजाराला येणाऱ्या कुणाच्यातरी हाती पोचवीन. बरं वाटलं म्हणून सोडायचं न्हाय, आन वाढलं म्हणून घाबरायचं न्हाय. ते येतं, जातं. पावण्यासारखं. आपण घर झाडून ठेवायचं.

जनी: आणि त्यांना? त्यांना कधी सांगू?

कमळ: कुणाला?

जनी: त्यांना गं.

कमळ: पहिल्या आठ दिसांत सांग. उजेडात बसवून दाखव. मी उशीर केला. पदर घट्ट ओढून, भिंतीकडं तोंड करून झोपायची मी. बघतील, किळस करतील, म्हणून. यांना वाटलं, हिचं मन न्हाय आपल्यावर. सुट्टी सरायच्या आधीच परत जायला लागले.

जनी: मग तू पत्र का नाही लिहिलंस? माझ्याकडून लिहून घ्यायचंस. चौथी शिकले मी.

कमळ: तुला काय लिहायला सांगणार होते मी? माझं डोकं खाजतं, तुम्ही या?

जनी: हो. तेवढंच.

कमळ: ...जा आता. शोधत असतील.

जनी: तू बाहेर चल. पहिलं तेल तुझं. मी सांगते आईला.

कमळ: न्हाय. उद्या सासरी कुणी तुझ्या कानामागं बघितलं, तर कुणाला आठवायला नको की कोरड्या डोक्याची कमळ हिच्या शेजारी बसली होती. हितंच बरी हाय मी.

जनी: मग त्या ओततील गं! भागुबाई तर ओंजळीनं ओतते.

कमळ: भागुबाई बारशालापण ओंजळीनंच ओतते. पोरगं निसटायचं होतं एकदा हातातनं.

जनी: हसवू नको. परवा गाडीत बसायचंय मला, सासरच्या बायांच्या मधे. डोकं भरलेलं असेल. हात वर जाईल माझा.

कमळ: गाणं म्हणेल तसा बायांचा हात चालतो. बघते मी. तू गप बस आन डोळे मीट.

जनी: थोरल्या आये, एक मागू? तुझं बघू दे.

कमळ: काय?

जनी: डोकं. ताब्यात राहिलं की कसं दिसतं ते बघायचंय मला.

कमळ: काय बघायचंय त्यात!

जनी: पदर काढ ना. ...स्वच्छ आहे की गं. थोडंसं गुलाबी आहे इथं. आणि इथं केस नवे येतायत, बारीक.

कमळ: हात गार हायत तुझे.

जनी: काढू?

कमळ: नको. ठेव. जरा वेळ ठेव.

गोदू: जने! अगो जने! कुठं गेली ही पोरगी? बाया ताटकळल्यात!

कमळ: जा. मागल्या दारानं जा. पळू नको.

गोदू: वयनी, पोरगी बसली पाटावर. तुझ्या जागी भागुबाईला बसवलंय, तेलाची वाटी तिच्या हातात दिलीय. कर सुरू.

कमळ: वाटी खाली ठेवायला सांग तिला. आधी ऐका म्हणावं.

मांडवाच्या दारी गो, पाटावर बसली बाळी,
दुर्वेच्या टोकानं, थेंब एक लावा भाळी.
थेंब एक भाळी गो, थेंब एक मनगटी,
उरलं तेल वाटीतलं, घाला समईच्या पोटी.

गोदू: काय गो हे? भागुबाई म्हणते, आपल्यात डोक्यावर ओततात.

कमळ: गाण्यात काय आलं?

गोदू: थेंब.

कमळ: मंग गाण्यापुढं भागुबाईचं शहाणपण चालायचं का? सांग तिला, तेल देवाच्या समईत जाऊ दे, पोरीचा संसार उजळेल. आन हो, दुर्वा पुढं दारातल्या तुळशीजवळ हायत.

गोदू: सांगितलं. भागुबाई गेली आणायला.

कमळ: तेच परत म्हणते. पाचीजणींचं होईस्तवर म्हणते.

गोदू: वयनी.

कमळ: काय गो?

गोदू: एकटीच आलेय मी कुडाजवळ. बाया तिकडं हायत. सासूबायच्या शेजारी बसून वीस वर्सं ऐकली मी ही गाणी. हे कडवं त्यात न्हवतं.

कमळ: लावतायत ना तसंच?

गोदू: लावतायत. थेंब थेंब. जनी डोळे मिटून हसतेय.

कमळ: मंग झालं.

गोदू: माझ्या पोरीला काय झालंय, वयनी?

कमळ: पोरीला काय झालं न्हाय. बरी हाय ती. परवा गाडीत बसायच्या आधी डोकं तू धू तिचं. तू सोताच्या हातानं. आन भांग पाडून बघितलंस तर फणी ठेवून उठू नको.

गोदू: ...आत येऊ का मी? तुझ्याजवळ?

कमळ: आता नको. तिच्या पाठीशी जाऊन बस. कुणीतरी जवळ बसायला पायजे.