चार बोटांचा पंजा

आमचं गाव येडशीच्या खालच्या अंगाला. बाप लोकाची गुरं राखायचा, आन् म्या शाळेत हुतो तवा आमच्या भागात साखर कारखाना आला बगा. मोठा साहेब मंडपात बोलला, ऊस लावा, उसातनं रस्ता येईल, लाइट येईल, तुमची पोरं इंजिनेर व्हतील. लई टाळ्या पडल्या, म्या बी वाजवल्या. रस्ता आला, खोटं कशाला बोलू. पुढं म्या आन् माझा थोरला भाऊ आप्पा, दोघंबी मिलवर फिटर लागलो.

मिल म्हंजी ऊस पिळायचं यंत्र, घरायेवढं. तिच्यात आप्पाची करंगळी गेली. तवापासनं दर खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली की आप्पा तांबड्या रंगात हात बुडवून मिलच्याच लोखंडी खांबाला पंजा उठवायचा, चार बोटांचा, जागा तीच. म्हणायचा, एक खाल्लंयस बाई, आता पुरं कर. आमी खदाखदा हसायचो. आप्पा तापानं गेला. मंग बोअर आटल्या, ऊस सरला, कारखाना बंद पडला, आन् मिल ट्रकात घालून कुणी कुठं नेली कुणाला ठावं.

लई दिवस घरी बसलो. मंग एक एजंट म्हणला, आफ्रिकेत नवा कारखाना हुतोय, तिथल्या लोकास्नी शिकवाया माणूस पायजे. गेलो. देशाचं नाव ऱ्हाऊ द्या. माती आपल्यावानीच काळी. मंडपात तिथला साहेब बोलत हुता आन् माझ्या हाताखालचा जोसेफ मला मोडक्या इंग्रजीत समजावत हुता, ऊस लावा म्हणत्यात, उसातनं रस्ता येईल, लाइट येईल. काय सांगू तुम्हाला, पुढचं वाक्य म्या जोसेफच्या आधी बोललो. गडी माझ्या तोंडाकडं बघतच ऱ्हायला.

दुसऱ्या दिशी मिलची खोकी फोडली. मिलला हिरवा कोरा रंग. फडकं मारलं आन् रंगाखालनं पंजा वर आला, चार बोटांचा. लोखंड कोमट लागलं, आन् मिल अजून जोडलीबी नव्हती. जोसेफ म्हणला, काय हाय हे? म्हणलं, गंज. दोनदा रंग दिला, दोनदा पंजा वर आला.

त्याच हप्त्यात जोसेफनं इचारलं, काका, आईच्या ज्वारीच्या रानात ऊस लावू का? मला समदं म्हाईत हुतं हो. पण ऊस न्हाय तर मिल न्हाय, मिल न्हाय तर माझी नोकरी न्हाय. म्हणलं, लाव. सांगाया लाज वाटती मला.

मिल तीन हंगाम चालली. मंग नदी खाली गेली, ऊस वाळला, म्या माघारी आलो. जोसेफची आई आता दुसऱ्याच्या रानात खुरपती.

काल जोसेफचा फोन आला. मिल इकली काका, तिसऱ्याच देशात चाललीय, आन् शिकवाया मलाच नेत्यात. परत रंग दिलाय, तरी तुमच्या त्या गंजाची चार बोटं दिसत्यात, आन् शेजारी आणिक एक पंजा. म्या हात लावून बघितला, बरोबर बसतो. पण म्या तर कधी रंगात हात घातला न्हाय.

तो म्हणला, काका, तिथल्या माणसांनी रानाचं इचारलं तर काय सांगू?

म्हणलं, लेकरा, खरं सांग. नोकरी गेली तर जाऊ दे.

तो म्हणला, मंग तुमी मला का न्हाय सांगितलं?

सुखी ऱ्हा म्हणलं, आन् फोन तसाच कानाला धरून बसलो.