एक प्लेट तळलेली कालवं

नाही, पण मी म्हणतो, कालव तळायला असं लागतं तरी काय हो? समुद्रातून आलेलं, शिंपल्यातून काढलेलं, आयतं मऊ, ना हाड ना काटा... पिठात घोळवा, तेलात सोडा, काढा, लिंबू पिळा, द्या. पण नाही. आमच्या गावातल्या हॉटेलवाल्यांना विचाराल तर जणू मी त्यांच्याकडे देवमासा भरून मागितला होता. आणि मी काही असंतसं गिऱ्हाईक नाही बरं का. माझं पडद्यांचं दुकान आहे. गावातल्या निम्म्या हॉटेलांच्या खिडक्या मी मापलेल्या आहेत. पडदा कुठे तेलकट झालाय, कुठे धुतलेला आहे, कुठे धुतल्यासारखं करून उलटा टांगलाय, हे मला दारातून कळतं. आणि तुम्हाला सांगतो, ज्याला पडद्यातलं कळतं त्याला हॉटेलातलं कळतं. हे माझं जुनं मत आहे आणि मी ते अजून बदललेलं नाही. पुढे जे झालं ते ऐकूनही तुम्ही म्हणाल, की मत बरोबरच होतं, हॉटेलंच चुकली.

झालं असं, की आमचे सासरे आमच्याकडे राहायला आले. सासूबाई गेल्या, मागे ते एकटे, मग बायको जाऊन त्यांना घेऊनच आली. मी म्हटलं, या, घर तुमचंच आहे. आता हे सासरे म्हणजे कसे, तर आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. बोलणं कमी. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला वरचे लोक हाका मारतात, खालचे लोक हाका मारतात, हा आपला दोघांच्या मध्ये अंधारात, हातात पाना घेऊन... कोणाला म्हणून उत्तर देणार? तसाच स्वभाव झाला. पण सासूबाई गेल्यापासून होतं तेही बोलणं बंद, आणि बोलण्याबरोबर जेवणही बंद. दोन घास खायचे, ताट हळूच पुढे सरकवायचं, आणि म्हणायचं, "बरं होतं."

तुम्हाला वाटेल, बरं म्हणजे बरं. तसं नाही. आमच्या सासरेबुवांचं 'बरं' म्हणजे परीक्षेत काठावरसुद्धा नाही, काठाखाली. बायको बिचारी रोज नवीन काहीतरी करायची, पुस्तकं बघायची, मैत्रिणींना फोन करायची, आणि रोज तेच, बरं होतं. पट्ट्याला नवीन भोक पाडायची वेळ आली. तेही त्यांनीच पाडलं, आम्हाला न सांगता, खिळा तापवून. बायकोने ते भोक पाहिलं आणि रात्रभर कूस बदलत राहिली. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, दुखणं काही नाही, त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. अहो पण वाटायला तर पाहिजे.

आणि मग एका संध्याकाळी, खिडकीशी बसलेले असताना, सासरे म्हणाले, "इथे तळलेली कालवं कुठे चांगली मिळतात का हो?"

बायकोने गॅस बंद केला. मी टीव्ही बंद केला. किती महिन्यांनी माणसाने स्वतःहून काही मागितलं होतं. आणि मी, दुसरं कोणी असतं तर विचार करून बोललं असतं, मी म्हटलं, "मिळतात म्हणजे? बाबा, माझ्यावर सोडा." का? कारण ज्याला पडद्यातलं कळतं त्याला हॉटेलातलं कळतं. कालवं मी जन्मात खाल्ली नव्हती, हा भाग वेगळा.

आधी घरीच करायचं ठरलं. बाजारातून शिंपल्यासकट आणली. ती उघडायची कशी हे कोणाला ठाऊक? शिंपला हसत नाही, बोलत नाही, सासऱ्यांसारखाच मिटलेला. मी स्क्रू ड्रायव्हर घातला, तो शिंपल्यातून सटकला आणि माझ्या तळहातात शिरला. सासरे उठले, त्यांनी माझ्या हाताला स्वच्छ पट्टी बांधली, शिंपले पुन्हा पिशवीत भरले आणि म्हणाले, "राहू द्या, जावईबापू." ते 'राहू द्या' फार वाईट लागलं मला. हातापेक्षा जास्त.

मग शोध सुरू. पहिल्यांदा शेजारच्या काकांना विचारलं. काका पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. मी विचारलं, "काका, इथे चांगली कालवं कुठे आहेत?" काका म्हणाले, "डावा की उजवा?" मी म्हटलं, काका, खायची कालवं. ते म्हणाले, "खाल्लेच की लोकांनी. डावा तर पूर्ण खाल्ला." आणि पुढे त्यांनी मला त्या कालव्याची जन्मकथा सांगितली, उभ्या उभ्या, फाटकात, माझी पिशवीतली भाजी सुकेपर्यंत... असो.

मी सरळ गावातल्या मोठ्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं. कारण तिथे मखमली पडदे, आतून अस्तर, खाली जड पट्टी. मीच दिलेले आहेत. असे पडदे लावणारा माणूस कालव वाईट तळेल का? सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, भांग पाडला होता. वेटर आला, कमरेत वाकून, घशातून बोलणारा, "सर, आमची कालवं म्हणजे एक अनुभव आहे." म्हटलं, आणा अनुभव. एवढी मोठी प्लेट, आणि मध्ये इवलीशी कालवं, एकमेकांशी भांडण झाल्यासारखी लांब लांब ठेवलेली. मी एक तोंडात टाकलं. चावतोय, चावतोय... सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावतात ना, ते ठिगळ. सासरे एकच कालव बराच वेळ चघळत राहिले, मग पाण्याबरोबर गिळलं, आणि म्हणाले, "बरी आहेत."



पण मी हटणारा नाही. मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही म्हातारे लोक कुठेही जाता, मी सांगतो तिथे जा." त्याने सांगितलेल्या ठिकाणी खिडक्यांना बांबूचे चिकाचे पडदे होते. मला बांबू पटत नाही, धूळ धरतो, पण म्हटलं, नवीन जमाना आहे. तिथे उलट तऱ्हा. पिठाचा असा जाड कोट, की कालव सोलून काढावं लागत होतं. एक फोडलं तर आत काहीच नाही. मालकाला बोलावलं. तो म्हणाला, "आत आकसतं हो ते." मी म्हटलं, अहो आकसलं तरी उरतं ना काहीतरी? माणूस म्हातारपणी आकसतो म्हणून काय कपाटात फक्त कोट सापडतो? तो हसला. सासरेही हसल्यासारखे वाटले, पण नाही, दातात काहीतरी अडकलं होतं. पुन्हा इस्त्रीचा शर्ट, पुन्हा भांग, पुन्हा "बरी आहेत."

तिसऱ्या ठिकाणाबद्दल मी बोलणार नाही. तिथे कालवं गोठवलेली होती आणि मधोमध अजून गोठलेलीच होती.

त्या रात्री बायको म्हणाली, आवाज न चढवता, म्हणजे प्रकरण गंभीर, "अहो, आता बाबांना घेऊन फिरू नका. प्रत्येक वेळी ते आशेने तयार होतात आणि तोंड एवढंसं करून परत येतात. मला नाही बघवत."

मी हो म्हटलं. पण शोध सोडला नाही. बाबांना नेणार नाही असं म्हटलं होतं, मी जाणार नाही असं कुठे म्हटलं होतं? दुपारी दुकान बंद करून एकटाच जायला लागलो. जिथे 'मासे' असं लिहिलेलं दिसेल तिथे आत. कालवं आहेत? आणा. जळकी खाल्ली, कच्ची खाल्ली, एके ठिकाणी गोड खाल्ली... ज्याला पडद्यातलं कळतं ना, त्याच्या पोटाला मात्र काही कळत नाही. संध्याकाळी गिऱ्हाइकाला रेशमी कापड उलगडून दाखवायला लागलो की गिऱ्हाईक दोन पावलं मागे. एका बाईंनी विचारलंसुद्धा, की कापड धुतल्यावर हा वास जाईल ना.

आणि अशातच, सगळी आशा सोडल्यावर, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दवाखान्याला पडदे हवेत, जाडात जाड. गेलो माप घ्यायला. पहिल्या मजल्यावर दवाखाना, खिडकी मागच्या गल्लीवर. मी टेप लावला, खिडकी उघडली, आणि तुम्हाला काय सांगू, असा वास आला... गरम तेलाचा, समुद्राचा, लिंबाचा. मी टेप हातात धरून तसाच उभा. डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "आलं ना लक्षात? म्हणून पडदे हवेत. खाली ती बाई तळत बसते आणि माझे पेशंट दात काढायच्या आधी विचारतात, की पुन्हा खाता कधी येईल. एक तर भूल उतरायच्या आधीच खाली गेला आणि जीभ चावून परत आला."

मी माप चुकीचं लिहिलं असेल, मला आठवत नाही. मी खाली होतो.

आता ते हॉटेल. हॉटेल म्हणायचं म्हणून म्हणायचं. एक खोली, खिडकी नाही. आणि खिडकीच नाही तर पडदा कुठून येणार? टेबलांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक खुर्ची तर शाळेतून आलेली दिसत होती. चुलीशी एक भरभक्कम बाई, चष्म्यावर वाफ, त्यामुळे माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बसा, दिसाल थोड्या वेळाने." मी एक प्लेट खाल्ली. वरून कुरकुरीत, आत जेमतेम शिजलेलं, आणि चावलं की तोंडात समुद्र. तेव्हा मला कळलं, की इतके दिवस मी जे खाल्लं ते कालव नव्हतंच. म्हटलं, एक प्लेट बांधून द्या. ती म्हणाली, "बांधून मिळत नाही. गार झालं की संपलं. ज्याला खायचंय त्याला घेऊन या."

आली का पंचाईत? बायकोला शब्द दिलेला. मग मी काय केलं, घरी जाऊन गंभीर चेहऱ्याने म्हटलं, बाबांचे दात दाखवून आणतो, कदाचित दातांमुळे जेवण जात नसेल. बायको म्हणाली, अगबाई, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही. इतक्या प्रेमाने बघितलं माझ्याकडे, की मला खाली बघावं लागलं. आणि सासरे दातालाच निघालेत म्हटल्यावर साध्या शर्टात आले, भांग न पाडता.

दवाखान्याच्या जिन्यापाशी पोचलो आणि सासरे थांबले. नाक वर केलं. मग माझ्याकडे बघितलं. ते जिना चढले नाहीत, सरळ आत जाऊन बसले.

प्लेट आली. पहिलं कालव खाल्लं. मी त्यांच्या तोंडाकडे बघतोय, ती बाई वाफेच्या चष्म्यातून बघतेय. दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं, प्लेट संपली. बोट वर करून दुसरी मागितली. तीही अर्धी झाल्यावर हळूच म्हणाले, "हिला वास आवडायचा नाही कालवांचा. म्हणून लग्नानंतर खाल्लीच नाहीत मी."

त्यांनी आणखी एक कालव उचललं.

"आता ती नाही, म्हटलं खावीत. पण खाताना सारखं वाटतं, घरी गेल्यावर तिला वास येईल."

मी, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असतं, तो मी टेबलावरचं मीठ इकडचं तिकडे करत बसलो. चुलीशी बसलेल्या बाईला अर्धंच ऐकू गेलं असावं. ती अर्धं लिंबू घेऊन आली, त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "हे चोळा हाताला, आजोबा. घरी कळायचं नाही."

आणि आमच्या सासऱ्यांनी ते लिंबू घेतलं, आणि दोन्ही हातांना, बोटांच्या मध्ये, नखांपर्यंत, अगदी मन लावून चोळलं. मग हात नाकाशी नेले, आणि समाधानाने मान हलवली. मी बाहेर जाऊन जरा रस्ता बघून आलो.

घरी पोचलो तर बायको दारातच. म्हणाली, "दातांचे डॉक्टर तळून देतात वाटतं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सासरे चपला काढता काढता म्हणाले, "आज जेवायला काय आहे गं?" ती माझ्याकडे बघत राहिली, मग आत गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली. मला शब्द मोडल्याबद्दल आजतागायत काही बोललेली नाही. माझ्या माहितीत हा विक्रम आहे.

डॉक्टरीणबाईंचे पडदे मी लावून दिले. चांगले जाड, दुपदरी. वास येतोच. पडद्याचा दोष नाही, पडद्यातलं मला कळतं, कालवंच तशी आहेत.

सासरे आता रोज दुपारी तिकडे. पट्ट्याचं नवीन भोक केव्हाच सुटलं. हाताला काम नसेल तर ते तिथल्या टेबलांचे पाय नीट करतात, खुर्च्या ठोकतात, आणि बोलतात म्हणे. त्या बाईने सांगितलं, ऐकवत नाही एवढं बोलतात. घरी अजूनही मोजकंच. म्हटलं ठीक आहे, जिथे मोकळं वाटेल तिथे बोलावं माणसाने. मग गेल्या रविवारी बायको म्हणाली, मलाही खायचीत, आपण सगळे जाऊ. गेलो. तर बाहेर ही रांग. अहो, मी शोधलेलं हॉटेल, आणि मीच रांगेत. नेमके सासरे आत, खिडकी नसलेल्या भिंतीशी, आपल्या खुर्चीवर. मी हात केला, त्यांनी बघितलं. बाईने त्यांना विचारलेलं मला दारातून स्पष्ट ऐकू आलं, "आजोबा, ती तुमची माणसं का? त्यांना आधी बसवू?"

सासऱ्यांनी कालवाचा तुकडा तोंडात टाकला, शांतपणे चावला आणि म्हणाले, "आमचीच आहेत. पण थांबतील ती, घाई नाही त्यांना."

थांबलो मग. सासऱ्यांशी रांगेवरून भांडून कुठल्या जावयाचं भलं झालंय?